गवताची लावणी

"जल्मभर गवत उपटलंस, आन् आता पेरतोस काय रं नागू?" शेजारचा लडकू कुंपणाला टेकून म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला. आमच्या पोशीर गावात अंगणात मुद्दाम गवत कोणी लावत नाही. भाताच्या शेतात गवत दिसलं की उपटायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

"पोराला हवंय," मी म्हटलं.

"पोराला पायजे तं पोरगा पेरंल. तुजे गुडघे कुठं ऱ्हायलेत आता?"

माझा पोरगा विपुल ठाण्याला कामाला जातो. त्याने आणि सुनेने, हर्षलाने, मागच्या दोन खोल्या रंगवून पाहुण्यांसाठी काढल्या. होमस्टे. दसऱ्याला पहिले पाहुणे यायचे होते. पाहुण्यांना म्हणे लॉन लागतं. आमच्या अंगणावर फणस आहे आणि त्याच्याखाली ऊन पोचत नाही. विपुल म्हणाला, फणस काढून टाकू. गावातल्या कान्हाला सांगूनही ठेवलं होतं. कान्हाकडे मशीनची करवत आहे.

गेल्या वर्षी माझी बायको, मोतीबाई, आजारी होती. खोलीवर स्लॅब, आत नुसती भट्टी. शेवटचे चार महिने तिची खाट फणसाखालीच होती. तिथेच ती गेली. हे विपुलला माहीत आहे, खाट बाहेर काढताना तिचा एक पाय त्यानेच धरला होता. मी त्याला वेगळं काय सांगणार? एवढंच म्हणालो, "झाड न तोडता गवत आणून दाखवतो."

"दसऱ्यापर्यंत," तो म्हणाला. "नाय आलं तं कान्हा येल."

त्याने बियांचं पाकीट मागवलं. त्यावर हिरव्यागार गवतात लोळणारा कुत्रा, आणि मागे इंग्रजीत मुंगीएवढी अक्षरं. हर्षलाने वाचून दाखवलं. हे गवत सावलीत येतं. माती मोकळी करा, पातळ पेरा, पाणी शिंपडा, तुडवू नका.

"ह्ये मला शिकवतात?" मी म्हटलं. जमीन भाजल्याशिवाय बी टाकलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. वैशाखात अंगणात शेण पसरलं, त्यावर पालापाचोळा, वरून माती, आणि भातासाठी भाजतो तसा राब भाजला. धूर सरळ पाहुण्यांच्या खोलीत गेला. हर्षलाचे नवे पांढरे पडदे पिवळे झाले.

"बाबा, अंगणात राब भाजतं का कुनी?"

"पडदे धुता येतात."

"तुमी धुवा मंग."

धुतले. पिवळेच राहिले.

मृगात पेरलं. फणसाखाली पाऊस सरळ पडत नाही. पानांवर साचतो आणि मोठा थेंब होऊन एकाच जागी ठोकत बसतो. सगळं बी वाहून कुंपणाच्या कडेला गेलं. पाऊस थोडा थांबला तेव्हा पुन्हा पेरलं. ते लडकूच्या कोंबड्यांनी वेचून खाल्लं.

"कोंबड्या आवर रं तुज्या!"

"त्यांना कळतं, बी चांगलं हाय," लडकू म्हणाला. वर हसला.

पाकिटात दोन मुठी बी उरलं. आता मी पाकिटाचं ऐकायचं सोडलं. भात तरी आम्ही सगळ्या शेतात कुठे पेरतो? एका तुकड्यात दाट पेरायचं, रोपं वीतभर झाली की ते आवण उपटायचं आणि शेतभर लावायचं. घरामागे ऊन येतं. तिथे दोन दरवाजांएवढ्या जागेत पेरलं, वर फाटकी मच्छरदाणी ताणली. आठवड्यात केसांसारखं बारीक गवत वर आलं.

एका सकाळी तिथे चहा पीत बसलो होतो. हात आपला चालला होता. चहा संपला तेव्हा पाहिलं तर शेजारी उपटलेल्या गवताची छोटी रास. कडेचं सगळं मीच बेणून टाकलं होतं. स्वतःलाच एक शिवी दिली, आणि तेवढी रोपं परत मातीत खोचली. निम्मी जगली.

भाद्रपदात फणसाच्या खालच्या चार फांद्या कोयत्याने उतरवल्या, थोडा उजेड यावा म्हणून. जमीन खणली, पाणी सोडून चिखल केला. आवण अर्धंच उपटण्याजोगं झालं होतं. ते टोपलीत घेतलं आणि बसून, सरकत, दोन-तीन काड्यांची एकेक चूड लावत गेलो. चार दिवसांत अर्धं अंगण झालं. ओळी बैल मुतल्यासारख्या वाकड्या.

संध्याकाळी विपुल आला. बॅग खांद्यावर तशीच.

"बाबा, ह्ये काय हाय?"

"लॉन."

"लॉन गालिच्यासारखं असतं. ह्ये भात हाय."

"भरंल."

"कधी भरंल?"

"गवताला इचार. मला काय इचारतोस?"

तो न जेवता झोपला. सकाळी त्याने कान्हाला फोन केला.

दसऱ्याला चार दिवस होते. रविवारी कान्हा करवत खांद्यावर टाकून आला. अंगणाच्या कडेला आला आणि थांबला. चपला काढून हातात घेतल्या.

"कुनी लावलंय ह्ये?"

"मी," मी म्हटलं.

"मंग मी जाऊ कुठून?"

"ह्यातनंच जा," विपुल म्हणाला.

"लावनी हाय रं."

"गवत हाय ते कान्हा! गवत!"

"दिसतंय मला. पन हातानं लावलंय ना? आन् फणस पडल तो समदा ह्याच्यावरच." कान्हाने करवत खाली ठेवली. "लावलेल्यात मी पाय घालत नाय. माजा बापूस मारंल मला."

"तुजा बापूस मेलाय."

"म्हनून तं जास्त भ्या हाय."

हर्षला दारात उभी होती. तिला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला. कान्हा चहा प्यायला आणि करवत घेऊन निघून गेला.

विपुल पायरीवर डोकं धरून बसला. "आता पावन्यांना काय सांगू?"

"सांग, आमच्याकडं असंच लावतात," हर्षला म्हणाली.

"आन् हसले तं?"

"हसू दे. फोटो काढतील, आजून दहा जनांना दाखवतील."

विपुल फणसाच्या खोडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला. "ऱ्हाऊ दे झाड," तो म्हणाला. "पन बाबा, उरलेलं तरी सरळ लाव."

दुपारी मी मागचं राहिलेलं आवण उपटलं, गवताच्याच काडीने मुठी बांधल्या. उरलेल्या अर्ध्या अंगणात चिखल तयार होता. टोपली घरात होती, ती आणायला गेलो नाही. मुठी डाव्या हातावर घेतल्या आणि कडेला उभा राहून एकेक चिखलात टाकली.

आमच्या शेतात चिखल करणं आणि मुठी टाकणं माझं काम. लावणं मोतीबाईचं. लावणारी बाई वाकून मागे मागे सरकते. तिने न बघता मागे हात नेला की मूठ हाताला लागली पाहिजे. लांब पडली तर मोतीबाई मान वर न करता शिव्या द्यायची.

आज एकही लांब पडली नाही. सगळ्या टाकून झाल्या आणि मी कडेला उभा राहिलो, कामाला सुरुवात व्हायची वाट बघत.

मग लेंगा गुडघ्यावर खोचला, चिखलात उतरलो आणि पहिल्या मुठीची गाठ सोडली.