दुसरा ब्रेक

मणक्याचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले, तरी आमच्या ह्यांचा पाय काही दुखायचा थांबेना. कंबर बरी झाली आणि पाय मागे लागला. मांडीपासून अंगठ्यापर्यंत कळ गेली की घरात कोणाचीच धडगत नसायची.

नवे फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, नस पुन्हा दाबली जातेय. परत ऑपरेशन करायचं, नाहीतर इंजेक्शन घेऊन वाट पाहायची. दुसऱ्या खेपेला गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. "विचार करा, सोमवारी कळवा." ह्यांना विचार करायला सांगणं म्हणजे झालंच! हे माणसांना गाडी शिकवतात. घाई करू नका, असं दिवसभर दुसऱ्यांना सांगतात, आणि स्वतःला मात्र कशाचा दम नाही.

रविवारी सकाळी हे शीळ घालतच उठले.

"अगं, कळ गेली! पार गेली!"

मला रडूच कोसळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. आता कसलं ऑपरेशन, म्हणाले. मीही हुरळून गेले, खोटं कशाला बोलू?

मग जिना उतरताना त्यांची एक चप्पल वरच राहिली, आणि हे तसेच खाली निघाले.

"महाराज, पायात काही घालायचं की नाही?" मी चिडवलं.

त्यांनी खाली पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं. ते हसले. मी मात्र त्यांच्या पायाकडेच बघत होते. अनवाणी पाऊल पायरीवर फटक फटक आपटत होतं.

"अहो, आत्ताच डॉक्टरांना विचारू या."

"काय विचारणार? दुखत का नाही म्हणून? चल, गाडीत बस. मी ठणठणीत आहे की नाही, तूच बघ."

मला त्यांनी स्टिअरिंगवर बसवलं. लग्नापासून शिकवायचं राहिलं होतं ना! शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, शिकणारा गडबडला तर दाबायला.

गोदामांमागचा रस्ता सुटीमुळे ओस पडला होता. उतार लागला आणि गाडी पळायला लागली. तळाशी लोखंडी फाटक, बंद.

"तू काही करू नकोस. ब्रेक माझ्याकडे आहे."

"अहो, मग दाबा ना!"

"दाबलाय."

गाडी पळतच होती.

"अहो!"

"दाबलाय म्हणतो ना! पूर्ण दाबलाय!"

मी खाली पाहिलं. मांडी ताठ होती, जोर लावलेली. पाऊल मात्र ब्रेकच्या शेजारी, नुसत्या मॅटवर कलंडलं होतं.

मग मीच माझ्या पायाखालचा मधला ब्रेक जीव खाऊन दाबला. फाटकापासून हातभर अंतरावर गाडी आचका देऊन बंद पडली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "थांबवली की नाही? कळव आता डॉक्टरांना, ऑपरेशन नको म्हणावं."

मी वाकले आणि त्यांच्या पावलाला नखं रुतेपर्यंत चिमटा काढला. वर पाहिलं, तर ते अजून हसत माझ्या शाबासकीची वाट पाहत होते.