वेशीवर सोडलेली कुऱ्हाड

मी एक जुनी कुऱ्हाड आहे. लाकडं फोडणारी नव्हे, रोमच्या कॉन्सलची. मित्रांनो, राजाला हाकलल्यावर रोमकरांनी राज्य चालवायला दरवर्षी दोन कॉन्सल निवडायची रीत पाडली. एक महिना एकाचा मान, पुढचा दुसऱ्याचा. ज्याचा मान त्याच्यापुढे चोपदार चालत. त्यांच्या खांद्यावर छड्यांची जुडी असे आणि जुडीत मी.

पण वेस आली की चोपदार नुमेरिअस मला जुडीतून सोडवून पोत्यात घालायचा. शहरात कॉन्सलने कुणाला मृत्यू सुनावला तर त्याला लोकांकडे दाद मागता येई, म्हणून तिथे कुऱ्हाडीला बंदी; वेशीबाहेर कॉन्सलचाच शब्द शेवटचा. छड्या मात्र मिरवत आत जात. लोक त्यांना वाट देत, बायका मुलांना उचलून दाखवत. मी जळून खाक व्हायचे. त्या नुसत्या काटक्या, आणि मी अस्सल लोखंडाची!

आमचा कॉन्सल ओपिटरही तसाच जळकुकडा. त्याचा जोडीदार व्होपिस्कस लढाई जिंकून आला, तेव्हापासून याला घास गोड लागेना. आपला महिना येताच तो फौज घेऊन डोंगरातल्या एका गढीवर निघाला. वेशीबाहेर मला जुडीत बांधलं, तेव्हा मला कोण आनंद झाला.

वीस दिवस झाले तरी गढी पडेना. नुमेरिअसचा धाकटा भाऊ काएसो पहारा सोडून ओढ्यावर पाणी प्यायला गेला आणि तिथे सोबत्यांना म्हणाला, "आपले कॉन्सल अजून भिंतच बघतायत. व्होपिस्कस असते तर एव्हाना आत जेवायला बसले असते."

हे ओपिटरच्या कानावर गेलं. एरवी फटक्यांवर भागलं असतं, पण ते नाव त्याला झोंबलं. त्याने मृत्यू सुनावला.

काएसो गुडघे टेकून म्हणाला, "सरकार, माझा न्याय रोमच्या लोकांना करू द्या."

"रोम मागे राहिलं," ओपिटर म्हणाला. "जुडीत कुऱ्हाड दिसते ना तुला?"

आधी छड्यांचे फटके बसले. खोटं कशाला सांगू, तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटला. मग नुमेरिअसने मला उचललं. त्याने भावाच्या मानेवरचे केस बाजूला सारले, आणि मी मनात म्हणत होते, आली एकदाची माझी पाळी.

एकच घाव पुरला. नुमेरिअस तिथेच मातीत बसला. भरल्या छावणीत माझ्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं.

आता मी वेशीजवळच्या कोठारात पडून आहे. बाहेरून छड्या मिरवत जातात आणि माझा अजूनही जळफळाट होतो. मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला घासापुसा, जपा. मला गंज चढतोय, तो चढू द्या. धार लावलीत, तर मी पुन्हा पाळीची वाट बघत बसेन.