वरती लग्न लागत नाही

रोहिदासमामाला स्वर्गाबद्दल जेवढे प्रश्न पडले, तेवढे मला बायबल कॉलेजच्या तीन वर्षांत पडले नव्हते. पडले असते तर तुम्ही पास्टर झालाच नसता, असं माझी बायको म्हणते. तिचं बोलणं मी फारसं मनावर घेत नाही.

मी अमोस साळवे. नेरळला एका नव्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो. रविवारी तिथल्याच एका हॉलमध्ये उपासना घेतो आणि गुरुवारी मोटरसायकल काढून कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीवर जातो. वाडीवर आमची विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती झालेली, घरं चार, त्यातलं एक चिमामामीचं. ते घरही खरं तर अर्धंच आमचं. मामी आत बसून आमच्यासोबत गाणी म्हणायची आणि तिचा नवरा रोहिदासमामा बाहेर ओट्यावर विडी ओढत बसायचा. मी यायच्या आधीच मामीचा बाप्तिस्मा झाला होता. पहिल्याच भेटीत मी तिला विचारलं, "मामी, तुम्ही प्रभूकडे कशा आलात?" मला वाटलं, आता देवाच्या कृपेची मोठी साक्ष ऐकायला मिळणार. मामी म्हणाली, "गानी ग्वाड हायेत तुमची."

गेल्या दिवाळीच्या सुमारास मामीचे पाय सुजायला लागले. चार पावलं चालली की दम लागायचा. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि मुलीला बाजूला घेऊन उरलेलं सांगितलं. मुलगी सुनिता कुंभिवलीला हायवेवरच्या ढाब्यात भाकऱ्या थापते. तिला काहीच लपवता येत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मामीलाही सगळं कळलं. मामी रडली नाही. पुढच्या गुरुवारी तिने मला जवळ बसवलं आणि ओट्याकडे बोट दाखवलं.

"ह्याला घ्या तुमच्यात. मी जायीन वर, आन हा जायील भलतीकडं. चाळीस वरसं एका खोपटात काढली. आता येगळं राहायाचं का?"

बाहेरून मामा म्हणाला, "येतो की. मी कवा नाय म्हनलो? तिकडं हिला चूल कोन पेटवून देनार?"

इतक्या सहज माणूस तयार झालेला मी पाहिला नव्हता. दुसऱ्याच गुरुवारी मी शिकवणी सुरू केली. मेल्यावर शरीर मातीत राहतं, आत्मा प्रभूकडे जातो, शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेले उठवले जातील, असं सगळं मी रांगेने सांगितलं. मामाने विडी विझवून ऐकून घेतलं आणि मग सुरू झाला.

"कर्णा किती मोठ्यानं वाजंल? मला एका कानानं ऐकू येत नाय."

"येईल मामा, सगळ्यांना ऐकू येईल."

"आन उठलो की कुठल्या वयाचा उठनार? मी उठलो पंचविशीतला, आन ही अशीच उठली, दात पडल्याली, तर?"

"तुझं तू बघ," मामी आतून म्हणाली. "मी काय हितंच बसून राहनार नाय."

"शरीर नवं असतं," मी म्हणालो. "म्हातारपण नाही, दुखणं नाही, भूक नाही."

"भूक नाय? मग दिवसभर करायचं काय?"

अशा तीन शिकवण्या झाल्या. प्रामाणिकपणे सांगतो, मला मजा येत होती. आठवडाभर मी गुरुवारची वाट बघायचो आणि रस्त्याने उत्तरं तयार करत जायचो. मामाचे प्रश्न मात्र तयारीच्या बाहेरचेच निघायचे.

चौथ्या गुरुवारी मी मामाच्या बाप्तिस्म्यासाठी मंडळीचा अर्ज भरायला घेतला. नाव, वय, गाव. मग विवाहाची तारीख.

"लग्न कधी झालं, मामा?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "कुनाचं?" मामाने विचारलं.

वाडीवर रीतच तशी आहे, ती मला त्या दिवशी कळली. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली की खोपटं बांधून राहतात, पोरंबाळं होतात, सगळी वाडी त्यांना नवरा-बायकोच म्हणते. मांडव, हळद, वाडीला जेवण, हे सवडीने. कधी कधी बाप आणि लेक एकाच मांडवात उभे राहतात, आणि त्यात हसण्यासारखं कोणाला काही वाटत नाही. मामा-मामीला ती सवड मिळालीच नाही. पाऊस संपला की भात कापायचं, भात झालं की वीटभट्टीवर जायचं, परत येईपर्यंत पुन्हा पाऊस. त्यातच लेक सासरी गेली, नातू शाळेत गेला आणि लग्न राहून गेलं. माझ्या आधीच्या पास्टरांनी मामीच्या अर्जात ही जागा कोरी सोडली होती. मीही कधी बघितली नव्हती. उलट आदर्श ख्रिस्ती पत्नी म्हणून मी दोनदा चिमामामीचं उदाहरण नेरळच्या उपदेशात दिलं होतं.

मी आमच्या मोठ्या पास्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी विवाह, मग बाप्तिस्मा. नियम आहे."

मी भीत भीत दोघांना सांगितलं. मामीने उशीवरून मान उचलली.

"म्हंजे हळद लावनार?"

"लावू की."

"मला?"

"तुम्हालाच, मामी."

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. ती लाजत होती. मामा म्हणाला, "आता ही बया मरत नाय लवकर," आणि मामीने त्याला भिंतीवरची झाडणी फेकून मारली. नेम चुकला, पण बघून आम्हा सगळ्यांना बरं वाटलं.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण पुढच्या गुरुवारी मामाने विचारलं, "वर आमचं खोपटं येगळं असंल, का समदी एकत्रच?" आणि मी, शहाणा, खरं सांगायला बसलो. एका बाईला एकामागून एक सात नवरे झाले, मग पुनरुत्थानात ती कोणाची बायको, असं लोकांनी येशूला विचारलं होतं. ती गोष्ट मी सांगितली आणि येशूचं उत्तरही सांगितलं, की तिथे कोणी लग्न करत नाही, लावून देत नाही, सगळे देवदूतांसारखे असतात.

मामाने विडी काढली, पण पेटवली नाही.

"म्हंजे वर लगीन नसतं."

"नसतं."

"ज्यांचं हितं लागलंय, त्यांचं?"

"तेही तिथे राहत नाही."

"आन ज्यांचं लागलंच नाय?"

मी पुस्तक उघडलं, मिटलं. बायबल कॉलेजात हा प्रश्न कोणी काढला नव्हता.

"मग झालं तर," मामा म्हणाला. "आमचं तुटायला लागलंय कुठं? आमी जसं हितं हाव तसं तिथं राहू. पाष्टर, मांडव रद्द."

त्याला समजावताना मी घामाघूम झालो, पण तो हलला नाही. त्याचा हिशेब सरळ होता. लग्न लावलं की ते मरणाबरोबर संपणार, आणि लावलंच नाही तर संपायला काही नाही. इकडे लग्नाशिवाय बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्म्याशिवाय मामीच्या मनाला शांती नाही. निघताना मामीने मला हाक मारली. मला वाटलं, प्रार्थना करायला सांगेल.

"तुमाला खरं बोलायची काय एवडी घाई झाली होती वो?"

मोठ्या पास्टरांना फोन केला, तर तेही म्हणाले, "अहो, ते वचन आत्ताच कशाला काढलंत?" बायकोने दोघांचीही बाजू घेतली.

दोन गुरुवार मामी माझ्याशी बोलली नाही. तिची तब्येत झपाट्याने उतरत होती. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. मामा ओट्यावरून आत येऊन तिच्या पायाशी बसायला लागला होता. तिसऱ्या गुरुवारी मी सुनितालाही बोलावून घेतलं आणि मामाला हात जोडले.

"मामा, हट्ट सोडा. वेळ फार नाही."

"मला ठाव हाय येळ नाय त्ये," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "म्हनूनच म्हनतो. मला ही पायजे, पाष्टर. लगीन घिऊन काय करू?"

मामी डोळे मिटून होती. ते न उघडताच ती बोलली.

"गप रं. तिथं लगीन लागत नाय, म्हनून तर मला हितं लावून घ्यायचंय. तिथं मागून मिळनार हाय का?"

मामाने मान वर केली.

"चाळीस वरसं दुसऱ्यांच्या हळदीला गानी म्हनली मी," ती म्हणाली. "लेकीच्या बी."

"आदी का नाय बोललीस?"

"तू कवा इचारलंस?"

मामा उठला, कोपऱ्यातला कोयता घेतला आणि बाहेर गेला. तो रागावून गेला असं मला वाटलं. तासाभराने तो जांभळीच्या फांद्यांचा भारा खांद्यावर घेऊन आला आणि दारात टाकून म्हणाला, "पाष्टर, बघत काय बसलात? खड्डे खना."

शनिवारी लग्न झालं. मांडव बुटका झाला, कारण खड्डे मी खणले होते, नको तेवढे खोल. वाडीतल्या बायकांनी मामीला हळद लावली, ती इतकी की मामीचा चेहरा ओळखू येईना. तिला खुर्चीत बसवून मांडवात आणलं. तिचा दम पुरणार नाही म्हणून मी उपदेश गाळला. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत लोकप्रिय उपासना ठरली.

वचनं मी म्हणायची आणि मामाने माझ्यामागून म्हणायची, असं चाललं होतं. सुखात आणि दुःखात. आजारात आणि आरोग्यात. मामा शाळकरी पोरासारखा एकेक शब्द म्हणत होता.

"मरण आम्हाला वेगळं करेपर्यंत," मी म्हणालो.

मामाने माझ्या पुस्तकाकडे बघितलं. मी पुन्हा म्हणालो.

"ह्ये मी नाय म्हननार."

"मामा, विधीत आहे."

"असंल. मरान येऊ दे, नायतर त्याचा बाप येऊ दे. मी येगळा व्हनार नाय. म्हंटलं तर खोटं व्हईल, आन देवाम्होरं खोटं बोलायचं नाय, असं तुमीच शिकवलंय."

बायका हसायला लागल्या. सुनिता पदर तोंडाला लावून उभी होती. मी मामीकडे बघितलं. नवरीने त्याला काही सांगावं म्हणून.

"पुढचं वाचा," मामी म्हणाली. "मी बी नाय म्हननार त्ये."

मी पान उलटलं. संध्याकाळी मोठ्या पास्टरांनी फोनवर विचारलं, विधी पूर्ण झाला ना? मी म्हणालो, झाला. इतकी वर्षं खरं बोलून मी केलेले घोटाळे बघता, हे एक खोटं मला माफ होईल असं वाटतं. दुसऱ्या दिवशी, मी नेरळची उपासना आटोपून आल्यावर, मामाने नदीत बाप्तिस्मा घेतला आणि पाणी गार होतं म्हणून घरी जाईपर्यंत मला बोल लावले.

लग्नानंतर बाराव्या दिवशी सकाळी मामी गेली. हातापायांची हळद पुरती उतरलीही नव्हती. आम्ही तिला वाडीच्या वरच्या अंगाला पुरलं. मी पुनरुत्थानाचा अध्याय वाचला, बायकांनी तिच्या आवडीचं गाणं म्हटलं आणि माणसं पांगली. मामा मागे राहिला, म्हणून मीही राहिलो.

"पाष्टर, एक इचारू?"

"विचारा."

"बायको म्हनून नको. तसं नसंल तर ऱ्हाऊ दे. नुस्ती वळखंल का मला?"

मला हे नक्की माहीत नव्हतं. माझ्यासारख्याने माहीत नसताना बोलू नये, हेही मला कळत होतं.

"ओळखेल," मी म्हणालो.

मामाने मान हलवली. मग तो त्या ओल्या मातीकडे बघत म्हणाला, "वर आलो की मी आदी हाक मारनार नाय गं. बघू तुला किती येळ लागतो."

एवढं बोलून तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याच्या शेजारी बसलो. समजूत काढणं माझं काम होतं, पण मलाही रडूच आलं.