झाकण घट्ट लावा

आधी झाकण उघडा, म्हणजे मला नीट बोलता येईल. हं, जरा लांब धरा. पहिल्याच भेटीत मी भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणते.

मी बामची डबी. पत्र्याची, हिरवी, मुठीत मावेल एवढी. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणी पट्ट्यावरून रांगेनं निघाल्या. ऊन ऊन मेण पोटात पडलं, त्यात कापूर आणि पुदिना. गार होता होता स्वभाव तिखट झाला तो झालाच. दुकानातून मला उचललं एका शिंपीणबाईंनी आणि मी त्यांच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनींच्या शेजारी राहायला गेले.

त्या घरात माझा मान काय सांगू! गुडघा दुखला, मी. डास चावला, मी. दाराची बिजागरी करकरली, तर बाईंनी तिथंही मलाच फासलं. बिजागरी गप्प बसली आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

पण माझं खरं राज्य कपाळावर. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर मान खाली, डोळ्याला भिंग. संध्याकाळी त्यांचं डोकं दोन्ही बाजूंनी आवळतं, लहान मापाची टोपी बसवल्यासारखं. मानेचा दगड होतो. पण चोळलं की बरं वाटतं; दुखत असतानाही ते बुद्धिबळ खेळतात, हरतात आणि खापर डोक्यावर फोडतात. मुलाचं दुखणं सर्दीचं. नाक चोंदलेलं, गाल जड, बूट घालायला वाकला की "आई गं!" माझा वास नाकात गेला की स्वारी खूश.

मग घरात सून आली. बोलणं कमी, बघणं जास्त.

तिसऱ्याच आठवड्यात ती सकाळपासून जांभया देत होती. "झोप झालेली दिसत नाही," असं यजमान सहज म्हणाले आणि मुलगा उगाचच लाजला. दुपारी ती पांढरीफटक पडली. "आई, जरा डोकं..." एवढं म्हणायचा अवकाश, बाईंनी माझ्यात दोन बोटं बुडवली.

कपाळाला टेकले आणि चपापले. डावी बाजू निवांत. उजव्या कानशिलाला मात्र शीर टकटक उडत होती. उजवी पापणी किंचित उतरलेली, त्याच डोळ्यातून पाणी. आणि मी तर अजून तिथवर पोचलेही नव्हते! माझा वास गेला तशी तिला उमळून आलं. इतक्या वर्षांत असा अपमान कुणी केला नव्हता.

"बरं वाटतंय ना?"

"हो, आई."

साफ खोटं! बोट लागलं तरी तिची कातडी आक्रसत होती. पण नव्या सुनेची 'नको' म्हणायला जीभ रेटेना. ती 'हो' म्हणायची, बाई आणखी एक बोट घ्यायच्या.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा नेमके पाहुणे यायचे होते. "तुमचंही दुखतं, पण तुम्ही सोंगट्या हलवता," बाई यजमानांना म्हणाल्या. "ही पडदे ओढून दिवसभर पडते. आमच्या वेळी नव्हती बाई असली डोकी."

सुनेनं ते ऐकलं. चौथ्या वेळी तिनं दुखणं लपवलं. उभ्या-उभ्या सगळी कामं उरकली आणि बाईंनी हाक मारल्यावर त्यांनी शिवलेला नवा कोट घालून बघायला समोर येऊन उभी राहिली.

बाईंची नजर शिंपिणीची. बाही अर्धं सूत खाली-वर असली तरी त्यांना जेवण जात नाही. कॉलर सारखी करता करता त्या थबकल्या.

"सरळ उभी राहा."

"सरळच आहे, आई."

"मग तुझं डावं-उजवं जुळत का नाही? हा डोळा बारीक. आणि केस एकाच बाजूचे विंचरलेस?"

"उजवीकडे केस दुखतात."

"केस? केस कधी दुखतात का, अगं?"

"कंगवा लागला तरी. जिना चढले की ठोके वाढतात. उजेड नको वाटतो. मशीनचा आवाज..." ती अडखळली.

"आणि?"

तिनं खणाकडे बघितलं. "आणि ती डबी."

बाई खाली बसल्या. "अगं, मग मी एवढं चोळत होते तेव्हा?"

"तुम्ही इतक्या मायेनं लावत होता..."

मी खणात मेणाहून मऊ झाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे पर्समधून मीही गेले, सवयीनं. त्यांनी विचारलं सुनेला, उत्तरं दिली बाईंनी. "एकाच बाजूला. ठणकतं. उलटीसारखं होतं. आधी जांभया. उजेड नको, आवाज नको, वास तर नकोच नको!"

"पेशंट नक्की कोण?" डॉक्टरीणबाई हसल्या. तपासून म्हणाल्या, मायग्रेन आहे. गोळ्या दिल्या आणि बजावलं, "कधी अचानक वीज पडल्यासारखं दुखलं, तापात मान आखडली किंवा बोलणं, हात-पाय अडखळले, तर थांबायचं नाही. तडक दवाखान्यात यायचं."

आता मी यजमानांच्या भिंगाशेजारी असते. तळाला थोडीशी उरलेय. एकच मागणं आहे. बोटं माझ्यात बुडवण्याआधी समोरचा चेहरा बघा, डावा-उजवा, दोन्ही. आणि 'बरं वाटतंय ना' असं विचारू नका. 'लावू का' विचारा.

बाई तसंच विचारतात. आज सून उशीत तोंड खुपसून पहिल्यांदा म्हणाली, "नको, आई." केवढा आनंद झाला त्यांना! कोट अर्धा टाकून त्यांनी मशीनवरचा पाय काढला, पडदा ओढला.

चला, लावा माझं झाकण. घट्ट लावा. आणि हळूच, आत पोर झोपलीय.