जळलेल्या जोडीची पेटी

मित्रांनो, गॅलरीच्या कोपऱ्यात कपड्यांचे चिमटे आणि साबणाचा डबा ज्या काळ्या पेटीवर ठेवलेले असतात, ती पेटी म्हणजे मी. बघणाऱ्याला मी स्टूल वाटतो. पण मी एक अॅम्प्लिफायर आहे. गिटारच्या तारेतून निघालेला बारीकसा आवाज मी सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवत असे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. सुताराने लाकडाची पेटी केली, आणि खिडकीशी बसणाऱ्या एका ताईंनी केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळून माझी कॉइल, म्हणजे ताकद स्पीकरपर्यंत नेणारं वेटोळं, तयार केली. तार तुटू नये म्हणून त्या श्वासही जपून घेत. मग माझ्यात काचेचे व्हॉल्व्ह बसवले. ते छोट्या दिव्यांसारखे दिसतात, नारिंगी पेटतात आणि हात लावला तर चटका देतात. त्यांतले दोन मोठे व्हॉल्व्ह म्हणजे माझी खरी ताकद.

मुलांनो, एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. माझ्यासारख्या पेटीची पाठ कधीही उघडू नका. प्लग काढलेला असला तरी आत वीज दबा धरून बसलेली असते.

मी ज्यांच्या घरी आलो, त्यांना पुढे लेक झाली, फार छोटी. तिला सगळे मुंगी म्हणत. मुंगीचा बाबा एका वाद्यवृंदात गिटार वाजवायचा. कार्यक्रम संपला की लोक मुद्दाम माझ्यापाशी येऊन विचारत, हा गोड आवाज या खोक्यातून येतो का? तेव्हा मी आतून आणखी गरम व्हायचो.

पण व्हॉल्व्ह म्हातारे होतात. आवाज पिचका होतो, मधूनच खरखर येते. मग रेडिओ दुरुस्त करणारे काका यायचे. एकच व्हॉल्व्ह गेला तरी ते दोन्ही बदलत, कारण दोघांची ताकद सारखी नसली तर एकावरच सगळा भार पडतो. "नवरा-बायकोसारखं आहे यांचं," ते मुंगीच्या आईला म्हणत, "एकाला बदलून भागत नाही." ती हसून म्हणायची, "काका, आमच्यात बदलायची सोय असती तर मी कधीच तुम्हाला बोलावलं असतं."

पुढे असे व्हॉल्व्ह मिळेनासे झाले. मी खोकत राहिलो. वाद्यवृंदाचे सर सगळ्यांसमोर बाबाला म्हणाले की तुमच्या पेटीला आधी डॉक्टरकडे न्या. नवा एक वादक माझंच काम करणारी, हाताच्या पंजाएवढी डबी घेऊन आला होता, आणि सरांना ती आवडली होती. शेवटी त्यांनी सांगितलं, उद्या संध्याकाळी तालमीत एकदा ऐकतो; जमलं तर राहा, नाहीतर तुमच्या जागी हा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांनी जुन्या बंद पडलेल्या दुकानाच्या कपाटातून एक न वापरलेली जोडी शोधून आणली. ही शेवटचीच, पुढे मला विचारू नका, म्हणाले. बसवून झाल्यावर त्यांनी बजावलं की दुपारभर पेटी चालू ठेवा, म्हणजे नवे व्हॉल्व्ह स्थिरावतील. बंद करू नका.

त्या दिवशी मुंगी तापाने फणफणली होती. आदल्या रात्री कुणाचाच डोळा लागला नव्हता. दुपारी बाबा औषध आणायला गेला आणि मुंगी एकदाची झोपली. माझी गूं गूं मात्र चालूच होती. मुंगी दचकत होती, पापण्या थरथरत होत्या. आई माझ्यापाशी आली. बटणावर बोट ठेवलं आणि मागे घेतलं. बंद करायचं नाही, हे तिला पक्कं आठवत होतं. म्हणून तिने पाठीमागची स्पीकरची वायर तेवढी उपटली. पेटी चालू राहिली, घर शांत झालं. कुणाचंच नुकसान नाही, असं तिला वाटलं. बाबा आला की सांगू, असं ठरवून ती लेकीला कुशीत घेऊन आडवी झाली आणि तिलाही झोप लागली.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर!

बाबा आला. दोघी झोपलेल्या पाहून त्याने हळूच दार ओढून घेतलं आणि गिटार जोडली. आवाज नाही. दिवे तर पेटलेले. नवी जोडीच खराब निघाली, असं त्याने धरलं; पाठीमागे त्याने पाहिलंच नाही. त्याने एकेक बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तारा जोरजोरात छेडल्या, पुन्हा, पुन्हा. आवाज झाला तर मुंगी उठेल, हेही तो विसरला. ती सगळी ताकद स्पीकरकडे जायला हवी होती. वाट बंद होती. ती माझ्या कॉइलमध्येच घुसमटली. व्हॉल्व्हची पोटं लालभडक झाली, आत काहीतरी तडकलं, आणि जळक्या वासाने आई जागी झाली.

"वायर मी काढली होती," ती दारात उभी राहून म्हणाली. "झोपली होती रे ती."

"मला एक फोन करायचास."

"तू उठवायचंस मला."

"दोघींना आत्ता कुठे झोप लागली होती," तो म्हणाला.

काकांनी माझी पाठ उघडली आणि लगेच लावून टाकली. जोडी गेली होती. कॉइल जळाली होती, आणि तशी गुंडाळून देणारं त्यांच्या माहितीत आता कुणी उरलं नव्हतं.

तालमीला डबीवाला बसला. मुंगीचा बाबा आता एका गोदामात माल मोजतो. गिटार कपाटावर पालथी आहे. दोघं भांडले असते तर मला बरं वाटलं असतं; पण ती त्याला जास्तीची पोळी वाढते, तो मुकाट्याने खातो, आणि त्या दुपारचा विषय निघत नाही. परवा मुंगीने माझं बटण फिरवून विचारलं, आई, हे काय आहे? आई चिमटे गोळा करत म्हणाली, "काही नाही गं, पेटी आहे." बाबा तिथेच उभा होता. त्याने साबणाचा डबा नीट माझ्यावर ठेवला.

मला आता कुणी दुरुस्त करणार नाही, ते मला कळतं. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातल्या चालू यंत्राची एखादी तार काढावीशी वाटली, तर आधी विचारा. काढली असेल, तर सांगा. आणि ज्याला सांगायचं तो माणूस झोपलेला असेल, तर त्याला खुशाल हलवून उठवा. झोप पुन्हा लागते.