नळीवरची फिरकी

फिरकी आडवी होती.

नळीच्या सांध्यावरची ती नखाएवढी निळी फिरकी, पिशवीकडची वाट बंद करून... म्हणजे सकाळपासून. आठला पिशवी रिकामी करून तिनेच, वॉर्डच्या सिस्टरने, सलाईन आत सोडून नळी धुतली होती, तेवढ्यात पाच नंबरच्या खाटेवर कुणीतरी ओकलं, ती धावली, आणि वाट पुन्हा मोकळी करायची राहून गेली. आता साडेबारा. साडेचार तास समोरच्या खाटेवरच्या मास्तरांच्या पोटातला पू पोटातच.

आतड्याच्या ऑपरेशननंतर नवव्या दिवशी आत गळू झालं, सोनोग्राफीत बघून बाहेरून ही नळी घातली. काल दिवसभरात ऐंशी मिली आलं होतं. आणि आत्ताच्या राऊंडला सर्जननी कोरडी पिशवी उजेडात धरली. "थेंब नाही? वा! असंच राहिलं तर उद्या नळी काढून टाकू." मास्तरांच्या बायकोने हात जोडले — सर्जनना नाही, तिला. आणि ती चक्क हसली होती! बावीस वर्षं नोकरी. बेसिनवर तिच्याच अक्षरातला कागद: आधी फिरकी बघा, मग हात धुवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

तिने फिरकी फिरवली. नळी गढूळली, पिवळट, दाट काहीतरी सरकत पिशवीत उतरू लागलं. दहा... वीस... पस्तीस. पिशवी भरतच होती.

गप्प बसता येईल. संध्याकाळी नुसता आकडा लिहायचा, कोण विचारतंय — पण मग सर्जन समजतील गळू पुन्हा भरलं, आतला टाका सुटला. पुन्हा तपासण्या, कदाचित पुन्हा चिरफाड, त्या वाळक्या सत्तरीच्या पोटावर. आकडा लपवला तर उद्या नळी निघेल आणि उरलेलं आत कोंडेल. दोन्हीकडून मरण मास्तरांचंच. आणि खरं सांगितलं तर? तर मी. फक्त मी. चहाला गेले की बाकीच्या जणी गप्प होतील, एवढंच. एवढंच ना? मग फोन अजून खिशातच का आहे?

दहाला ते म्हणाले होते, "सिस्टर, पोट भरल्यासारखं वाटतंय. जरा हुडहुडीही." आणि मी म्हणाले, गॅस असेल. पांघरूण नीट केलं, पण ते उचलून नळीकडे पाहिलं नाही. विसरले ते एक वेळ समजू शकते — पण हे? हे मी शुद्धीवर असताना बोलले.

मास्तरांनी डोळे उघडले.

"बघा, तुम्ही आलात आणि हलकं वाटायला लागलं. हाताला गुण आहे हो तुमच्या."

"मी सांगत नव्हते?" त्यांची बायको स्टुलावरून म्हणाली. "सिस्टर आहेत म्हणून निभावलं."

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं. जन्मभर पोरांच्या चुका लाल शाईने गोल केलेला माणूस, आणि ही चूक त्यांच्या कुशीला टेकून पडली आहे तर तिचं कौतुक करतोय!

तिने खिशातून फोन काढला. सर्जनचा नंबर. रिंग वाजत राहिली — बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलावं, सगळ्याजणी तसंच करतात, पेशंटसमोर असलं काही... पण पाय हलेनात. आणि नवल म्हणजे, ते हलावेत असं तिला वाटतही नव्हतं.

"बोला सिस्टर, लवकर," पलीकडून आवाज आला.

मास्तर तिच्याकडे बघत होते. तिने नजर वळवली नाही. आता तिला सर्जनची भीती अजिबात वाटत नव्हती; भीती होती ती या दोन डोळ्यांची.