निरुपद्रवी बटण

कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याकडे, म्हणून लोक मला मशीनवाले म्हणतात. प्रिंटर अडला की मशीनवाले, पासवर्ड विसरला की मशीनवाले. एरवी कोणी ढुंकूनही बघत नाही. तेच बरं होतं. चार महिन्यांपूर्वी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि एक प्रोग्राम दाखवला. तो सगळ्यांच्या मशीनवर गुपचूप बसवायचा. दर पाच मिनिटांनी स्क्रीनचा फोटो, बटणं किती वेळा दाबली त्याची मोजदाद, आणि तीन मिनिटं हात थांबला की साहेबांच्या स्क्रीनवर त्या माणसाच्या नावाची पट्टी लाल.

"कोणाला कळता कामा नये. कळलं तर ते तुझ्याकडूनच कळलं असं मी धरीन," साहेब म्हणाले.

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आम्ही पुस्तकं छापतो. शाळांची, दवाखान्यांची, कोणाकोणाची. छापण्याआधी प्रत्येक पान वाचून चुका काढायचं काम एकट्या शोधबाईंचं. हे नाव त्यांना कोणी दिलं कोण जाणे, पण सव्वीस वर्षं तेच चाललंय. त्या कागदावर वाचतात, ओळीखाली पेन्सिल धरून, ओठ हलवत. शेजारी स्क्रीनवर फाइल उघडी असते. चूक सापडली की तिथे दुरुस्त करायची आणि पुन्हा कागदाकडे वळायचं. त्यांच्या हातून गेलेलं पान परत कोणी वाचत नाही.

आता वाचणारा माणूस बटणं कशाला दाबेल? एवढी साधी गोष्ट तो प्रोग्राम लिहिणाऱ्या शहाण्याला सुचली नव्हती. महिनाअखेरीला शोधबाईंची पट्टी लालभडक.

"ही बाई झोपते की काय?" साहेबांनी विचारलं.

"वाचतात, साहेब."

"वाचताना हात खिशात असतात का? पुढच्या महिन्यात असंच दिसलं तर नारळ."

मी मिनिटभर वाद घातला. तेवढीच माझी मजल.

पण मला आणखीही एक गोष्ट माहीत होती. जेवणाच्या सुट्टीत बाई मशीनवरूनच आपल्या मामेभावाला लिहायच्या, आणि तेही स्क्रीनच्या फोटोंत यायचं. ते फोटो वाचायचे नाहीत असं मी रोज ठरवायचो आणि रोज वाचायचो. त्यांची धाकटी बहीण दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, आणि घरात कमावणाऱ्या ह्या एकट्या. ऑफिसात त्यांनी कोणापाशी चकार शब्द काढला नव्हता. मला ते माहीत असण्याचा काडीचा अधिकार नव्हता, पण एकदा कळल्यावर गप्पही बसवेना.

म्हणून मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन थाप मारली. "बाई, तुमच्या मशीनला एक खोड लागलीये. दोन-तीन मिनिटं हात लावला नाही की अडकतं. वाचता वाचता मधूनमधून एखादं बटण दाबत चला."

"कोणतं?"

"कोणतंही."

"कोणतंही कसं? फाइल उघडी असते." त्यांनी चष्म्यावरून की-बोर्ड न्याहाळला आणि खालच्या सगळ्यात लांब बटणावर बोट ठेवलं. "हे बरं. ह्यानं काही लिहिलं जात नाही."

माझं लक्ष दाराकडे होतं, साहेब येतील म्हणून. "हां हां, चालेल," मी म्हणालो.

त्या महिन्यात पट्टी हिरवीगार झाली. साहेब खूश, आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग नर्सेससाठी औषधांची पुस्तिका आली. लहान मुलांच्या एका औषधापुढे ०५ मिलि पडलं होतं. बाईंनी ते पकडलं, मध्ये टिंब घालून ०.५ केलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. कर्सर टिंबापाशीच राहिला. डावा हात, मी सांगितल्याप्रमाणे, इमानेइतबारे लांब बटण दाबत होता. दर वेळी टिंब आणि पाच ह्यांच्यामधली फट वाढत गेली आणि शेवटी पाच खालच्या ओळीत गेला. छापून आलं तेव्हा त्या ओळीच्या सुरुवातीला नुसतं ५ मिलि. म्हणजे दहापट औषध.

एका नर्सला शंका आली आणि तिनं फोन केला, म्हणून कोणाचं लेकरू दगावलं नाही. सगळ्या प्रती परत आल्या.

"तिच्या स्क्रीनचे त्या दिवशीचे फोटो काढ. काय करत होती बघ," साहेब ओरडले.

मी बघितले. एकामागून एक, फट वाढताना स्वच्छ दिसत होती. केबिनमध्ये जाऊन मी सांगितलं, "काही कळत नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ते पान घेऊन माझ्या खोलीत आल्या. मी घाईघाईनं स्क्रीन बंद केला.

"टिंब मी घातलं, मला आठवतंय. पेन्सिलची खूणही आहे," त्या म्हणाल्या. "पण ही फट मला दिसली कशी नाही? अहो मशीनवाले, मी त्या दिवशी काय काय केलं ते तुमच्या मशीनमध्ये कुठे राहतं का हो? मला एकदा बघायचंय. चूक माझीच असेल, पण काय चुकलं ते तरी कळू दे."

शब्द अगदी ओठांवर आले होते. सांगितलं तर माझी नोकरी जाणार. आणि बहिणीचं दुखणं मी डबा खाता खाता वाचत होतो, हेही त्यांना कळणार. मला लाज वाटली, भीती वाटली. भीतीच जास्त.

"नाही हो बाई," मी म्हणालो. "असं काही राहत नाही."

"मग माझे डोळेच गेले म्हणायचे." मग पर्समधून त्यांनी दुसरा कागद काढला. राजीनामा होता, हातानं लिहिलेला, चार ओळींचा.

"साहेबांना द्यायच्या आधी जरा वाचून बघा हो. काही चुकलं असेल तर सांगा. माझा आता माझ्यावर भरवसा नाही."

मी तो तीनदा वाचला. एकही चूक नव्हती. तसं सांगितलं, तर त्यांना ते खरं वाटेना.